दिग्दर्शकाचें अक्षर

‘चारुलता’ या १९६४ सालच्या बंगाली चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर एका स्त्रीचे हात दिसतात. ते एका रुमालावर सुईदोऱ्यानें एक अक्षर भरीत असतात. भूपति या तिच्या पतीच्या नांवाचें तें आद्याक्षर. सुई खालून वर येते, वरून खालीं जाते, टांक्यामागून टांका पडतो, आणि तेवढ्या अवकाशांत नटांचीं व तंत्रज्ञांचीं नांवें येऊन जातात. कथा अद्याप सुरूहि झालेली नसते. परंतु मोठ्या घरांत एकट्या पडलेल्या एका बुद्धिमान स्त्रीचे दिवस कसे जात असतील, हें त्या एका अक्षराच्या घडणीवरून प्रेक्षकाला कळून चुकतें. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवरून हा चित्रपट सत्यजित राय यांनीं तयार केला. कथेंतील भूपति हा घरांतच छापखाना घालून एक इंग्रजी वृत्तपत्र चालवितो. पति छापील अक्षरांत गढलेला, आणि पत्नी त्याच्याच नांवाचें अक्षर एकांतांत भरीत बसलेली!

दिग्दर्शकानें अक्षराकडे इतक्या बारकाईनें पाहावें, असें सहसा घडत नाहीं. चित्रपटाचें नांव व नामावली लिहिण्याचें काम बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं सोंपविलें जातें. रशियांत झिगा व्हर्टोव्ह यानें १९२२ सालीं ‘किनो-प्राव्दा’ हे वृत्तपट काढण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांतील अक्षरफलक अलेक्झांडर रोडचेन्को या चित्रकारानें घडविले. अमेरिकेंत आल्फ्रेड हिचकॉक याच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘सायको’ (१९६०) या चित्रपटांच्या नामावली सॉल बास या आरेखकाच्या हातच्या आहेत. पुढें बासच्या अक्षरांच्या धर्तीवर संगणकासाठीं एक टंक तयार झाला, आणि मौज अशी कीं त्याला नांव मिळालें तें ‘हिचकॉक’! अक्षर एकाचें आणि कीर्ति दुसऱ्याची, असा हा प्रकार. लोकांच्या मनांत दिग्दर्शकाची शैली आणि त्याच्या चित्रपटाचें अक्षर हीं किती एकजीव होऊन बसतात, याची मात्र ती चांगली साक्ष आहे.

कलकत्त्यांत हे दोन्ही हात एकाच माणसाचे होते. सत्यजित राय यांनीं आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें आणि नांवांचीं अक्षरें स्वतः काढलीं. आणि एवढ्यावर न थांबतां रोमन लिपीचे चार टंकहि रचले. ‘रे रोमन’, ‘रे बिझार’, ‘डॅफ्निस’ व ‘हॉलिडे स्क्रिप्ट’ हीं त्यांचीं नांवें. (‘रे’ हें राय या आडनांवाचें इंग्रजी वळण होय.) त्यांतील पहिल्या दोहोंस १९७१ सालीं एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत पारितोषिक मिळाल्याची नोंद त्यांच्या चरित्रांतून आढळते. चित्रपटाच्या नांवासाठीं काढलेलें अक्षर आणि छापखान्याच्या खणांत पडणारें अक्षर यांच्यांत अंतर किती, आणि तें ओलांडूं पाहणाऱ्या माणसाच्या हाताला काय लागतें, हें पाहण्यास याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

या कथेचा आरंभ मात्र चित्रपटापूर्वींचा, दोन पिढ्या मागचा आहे. सत्यजितांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे लेखक, चित्रकार आणि वादक होते. मुलांसाठीं लिहिलेल्या रामायणांत त्यांनीं स्वतः चित्रें काढलीं. परंतु लांकडी ठशांवरून तीं छापलीं तेव्हां त्यांची पार रया गेली. दुसरा एखादा लेखक हळहळून स्वस्थ बसला असता. उपेंद्रकिशोरांनीं विलायतेहून पुस्तकें, रसायनें व यंत्रसामग्री मागविली आणि हाफटोन ठोकळे करण्याची विद्या घरीं बसून साध्य केली. छायाचित्रांतील काळ्यापांढऱ्याच्या छटा शाईला छापतां येत नाहींत, कारण शाई एक तर लागते किंवा लागत नाहीं. म्हणून बारीक जाळीच्या कांचेंतून चित्राचे लहानमोठे ठिपके पाडावयाचे, आणि डोळ्याला त्या ठिपक्यांत छटा भासवावयाची, अशी ही युक्ति. तिच्या गणितासंबंधीं उपेंद्रकिशोरांनीं जें संशोधन केलें, तें लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकांतून प्रसिद्ध झालें. ‘यू. रे अँड सन्स’ ही त्यांची पेढी बंगालमध्यें सुबक छपाईबद्दल नांवाजली, आणि १९१३ सालीं त्यांनीं ‘संदेश’ हें मुलांचें मासिक सुरू केलें.

त्याच १९१३ सालीं मुंबईस दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फाळके हेहि मूळचे ब्लॉक व रंगीत छपाई यांच्याच धंद्यांतले. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समधून बाहेर पडून ते चित्रपटाकडे वळले. भारतीय चित्रपटाचीं दोन थोर घराणीं अशा रीतीनें छापखान्याच्या दारांतून आंत आलेलीं आहेत. फाळके यांच्या नांवाचा पुरस्कार राय यांना १९८४ सालचा म्हणून मिळाला, तेव्हां ही गोष्ट कितीजणांच्या ध्यानीं आली असेल कोण जाणे.

उपेंद्रकिशोरांचे पुत्र सुकुमार राय हे १९११ मध्यें मुद्रणविद्या शिकण्यास इंग्लंडास गेले व १९१३ मध्यें परतले. बंगाली मुलांच्या तीन पिढ्यांनीं ज्यांच्या विनोदी कवितांवर पोसून घेतलें ते हेच सुकुमार. काळआजारानें १९२३ च्या सप्टेंबरांत ते वारले तेव्हां त्यांचें वय अवघें ३५ वर्षांचें होतें. ‘आबोल ताबोल’ हें त्यांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं बाहेर पडलें. त्याचें रूप त्यांनीं आजारपणांत स्वतःच ठरविलें होतें, परंतु छापून आलेली प्रत पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. सत्यजितांचा जन्म २ मे १९२१ चा. म्हणजे वडील गेले तेव्हां मूल सव्वादोन वर्षांचें.

गडपार रस्त्यावरच्या त्या घरांत राहण्याच्या खोल्या आणि छापखाना हीं एकाच छपराखालीं होतीं. सत्यजितांनीं पुढें आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत या छापखान्याचें वर्णन आहे. जुळारी आपापल्या खणांपुढें बसून खिळे उचलीत; पलीकडे ठोकळे करण्याची खोली; तींत एक मोठा कॅमेरा. लहानगा सत्यजित कागदावर रेघोट्या ओढून त्या कॅमेऱ्याच्या कारागिराकडे नेई आणि हें चित्र ‘संदेश’साठीं आहे असें बजावून सांगे. तो भला माणूस मान डोलावी, कागद कॅमेऱ्यापुढें लावी, आणि मुलाला उचलून मागच्या कांचेंत त्याचें चित्र उलटें होऊन कसें दिसतें तें दाखवी. चित्र, ठसा आणि कॅमेरा या तीन गोष्टींची ओळख एका मुलाला अशी एकाच खोलींत झाली.

ही दौलत टिकली नाहीं. सुकुमारांच्या मागें पेढी कर्जांत बुडाली, छापखाना हातचा गेला, आणि सत्यजित पांच-सहा वर्षांचा असतां आईबरोबर भवानीपुरास मामांच्या घरीं राहावयास आला. शाईचा वास मागें राहिला. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं वडिलांचें दुकान मोडतांना लहानपणीं पाहिलें असेल, त्यांना याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

प्रेसिडेन्सी कॉलेजांतून पदवी घेतल्यावर १९४० मध्यें सत्यजित शांतिनिकेतनास कलाभवनांत दाखल झाले. जाहिरातींतील चित्रकार व्हावें एवढाच त्यांचा हेतु होता. परंतु तेथें नंदलाल बोस यांच्यासारखे गुरु लाभले. झाड काढावयाचें तर कुंचला वरून खालीं आणूं नये, झाड जसें वाढतें तसा तो बुंध्यापासून वर न्यावा, अशी नंदलालांची शिकवण असे. दिसावयास ही चित्रकलेची शिकवण. पण अक्षराला ती तितकीच लागू आहे. अक्षर हेंहि हाताच्या गतीनें वाढतें, आणि ती गति ज्याला कळली त्याचें अक्षर कितीहि चमत्कारिक केलें तरी मेलेलें दिसत नाहीं. विनोदबिहारी मुखर्जी यांच्याजवळ त्यांना पूर्वेकडील देशांच्या कुंचल्याच्या लिपिकलेची गोडी लागली. याच काळांत सहाध्यायांबरोबर त्यांनीं अजिंठा, वेरूळ व घारापुरी हीं लेणीं पाहिलीं. पांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा न करतां १९४२ च्या अखेरीस ते कलकत्त्यास परतले.

पुढच्या वर्षीं डी. जे. कीमर या इंग्रज जाहिरात कंपनींत त्यांना ८० रुपये पगाराची नोकरी लागली. तेथील वरिष्ठ दिलीपकुमार गुप्त यांनीं त्याच सुमारास ‘सिग्नेट प्रेस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि तिच्या पुस्तकांच्या वेष्टनांचें काम सत्यजितांकडे दिलें. बंगाली ग्रंथाचें बाह्यरूप येथून पालटलें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. जिम कॉर्बेटच्या कुमाऊंतील नरभक्षकांच्या पुस्तकाला त्यांनीं वाघाच्या कातड्याचें वेष्टन दिलें: पुढच्या बाजूस गोळी आंत शिरल्याचें भोंक आणि मागच्या बाजूस ती बाहेर पडल्याचें. अचिंत्यकुमार सेनगुप्त यांच्या रामकृष्ण परमहंसांवरील पुस्तकास नामावलीचें, म्हणजे देवाचें नांव छापलेल्या उपरण्याचें, रूप दिलें. त्यावरचीं अक्षरें जुन्या पोथीच्या वळणाचीं आहेत. पुस्तक हातीं घेणाऱ्यास तें क्षणभर वस्त्रच वाटावें. पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची १९४६ सालची पहिली आवृत्ति याच संस्थेची, आणि तिचें मुखपृष्ठहि त्यांचेंच.

या कामांत त्यांचा एक नियम दिसून येतो. पुस्तकाचें नांव कोणत्या तरी सुंदर अक्षरांत घालावें असें ते कधीं करीत नाहींत. तें नांव त्या पुस्तकाच्याच अंगांतून फुटलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. विभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठीं केलेली संक्षिप्त आवृत्ति सिग्नेटनें काढली तेव्हां तिचीं चित्रें काढतां काढतां त्यांच्या मनांत चित्रपटाचें बीज पडलें. तो चित्रपट १९५५ च्या ऑगस्टांत कलकत्त्यांत प्रदर्शित झाला. त्याच्या नामावलीसाठीं त्यांनीं छापील अक्षर घेतलें नाहीं. जुन्या हातकागदासारख्या कागदावर हातानें लिहिलेलीं अक्षरें एकामागून एक येतात आणि प्रेक्षक खेड्यांतल्या पुजाऱ्याच्या घरांत शिरण्यापूर्वींच त्याच्या पोथीच्या कागदाला हात लावून येतो.

या पद्धतीची कसोटी ‘एक्षण’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर लागली. सौमित्र चटर्जी व निर्माल्य आचार्य हे त्याचे संपादक. हें १९६१ मध्यें निघालें आणि राय यांनीं अनेक वर्षें त्याचीं मुखपृष्ठें केलीं. बहुतेक मुखपृष्ठांवर चित्र असें नाहींच. नांवाचीं तीन अक्षरें, एवढाच माल. तींच तीन अक्षरें कधीं जाड, कधीं रेषामात्र, कधीं एकमेकांत गुंतलेलीं, कधीं सबंध पान व्यापणारीं. रागदारींत तेच स्वर घेऊन गवई दर वेळीं नवी मांडणी करतो, तसाच हा प्रकार. एका नांवाचे इतके पर्याय ज्याला सुचतात, त्यानें एका नव्या टंकाची कल्पना करावी हें स्वाभाविकच होतें.

परंतु येथेंच अडचण आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. चित्रपटाचें नांव म्हणजे दोन-चार अक्षरें. तीं एकदांच, एका ठराविक क्रमानें, एका ठराविक कारणासाठीं येतात. त्यांतल्या एका अक्षराचें शेपूट दुसऱ्याच्या पोटांत घालतां येतें, मात्रेची रेघ हवी तेथें तोडतां येते. टंकाचें तसें नाहीं. टंकांतील ‘क’ला आपल्या शेजारीं कोण बसणार हें ठाऊक नसतें. तो आज काव्यांत, उद्यां न्यायालयाच्या नोटिशींत आणि परवां औषधाच्या बाटलीवर बसावयाचा. सर्वांशीं त्याचें सारखें जमलें पाहिजे. नांवाच्या अक्षराचा गुण त्याच्या लहरींत असतो, टंकाच्या अक्षराचा त्याच्या संयमांत. म्हणून दिग्दर्शकाच्या शैलीवरून टंक करूं जाणारा बहुधा फसतो. त्याला आवडलेलें अक्षर सव्वीस वेळां उगाळलें कीं त्याचें सोंग होतें.

दुसरी अडचण लिपीची. रोमन लिपींत लहान व मोठीं मिळून ५२ अक्षरें, शिवाय अंक व विरामचिन्हें, एवढ्यांत टंक पुरा होतो. बंगालीचा संसार याहून फार मोठा. चार्ल्स विल्किन्स व पंचानन कर्मकार यांनीं घडविलेल्या खिळ्यांनीं हालहेडचें बंगाली व्याकरण हुगळीस १७७८ मध्यें छापलें गेलें, तेव्हांपासून बंगाली जुळाऱ्यापुढें जोडाक्षरें व स्वरचिन्हें मिळून शेंकडों खिळ्यांचे खण मांडलेले असत. मराठी वाचकाला हें नवें नाहीं. आपल्याकडेहि अखंड टाइपाचे खण पुष्कळ. आणि ते कमी करण्यासाठीं डिग्री पद्धतींत वरच्या व खालच्या मात्रा-वेलांट्यांचे तुकडे निराळे ओतून जुळविले, तर ते तुकडे झिजून गळून पडत आणि शुद्ध लिहिणारा लेखक अशुद्ध ठरे. १९३५ मध्यें सुरेशचंद्र मजुमदार यांच्या खटपटीनें ‘आनंदबझार पत्रिके’ला बंगाली लायनोटाइप मिळाला, पण यंत्राच्या सोयीसाठीं लिपीला आपलीं कांहीं जोडाक्षरें मोडून घ्यावीं लागलीं. एकट्या माणसानें फावल्या वेळांत बंगालीचा संपूर्ण टंक रचणें हें या परिस्थितींत जवळजवळ अशक्य होतें. ज्या लिपींत राय यांचा हात सर्वांत मोकळा फिरे, तिच्यांत त्यांचा टंक नाहीं; आणि जी लिपि त्यांनीं जाहिरातींच्या कचेरींत रोज हाताळली, तिच्यांत चार आहेत! या विसंगतीचें मूळ प्रतिभेंत नसून खणांच्या संख्येंत आहे.

आतां त्या चार टंकांविषयीं. ‘रे रोमन’ हा त्यांतला गंभीर प्रकृतीचा. ‘रे बिझार’ हें नांवच त्याची विक्षिप्त वृत्ति सांगतें. ‘हॉलिडे स्क्रिप्ट’ हस्तलिखिताच्या वळणाचा. म्हणजे संयम, लहर आणि हाताची गति या तीन दिशांनीं त्यांनीं प्रयोग केलेला दिसतो. हे टंक टाकाऊ नव्हेत; परंतु राय यांची थोरवी त्यांत शोधूं जाणाऱ्याची थोडी निराशा होईल. ‘एक्षण’च्या तीन अक्षरांत जें चैतन्य आहे, तें रोमन वर्णमालेच्या पंक्तींत तसें उतरत नाहीं. सामान्य वाचकाच्या दृष्टीस ते टंक आज क्वचितच पडतात. त्याच्या उलट, साहित्य अकादमीचें बोधचिन्ह त्यांच्या हातचें आहे, आणि अकादमीचीं मराठी पुस्तकें ज्या घरांत असतील त्या घरांत राय यांचें रेखाटन केव्हांच येऊन बसलेलें आहे. घरच्यांना तें ठाऊक नसेल एवढेंच. कलकत्त्याच्या ‘नंदन’ या चित्रपटकेंद्राचें चिन्हहि त्यांचेंच. १९८५ मध्यें त्याचें उद्घाटन त्यांनींच केलें.

खिळ्यांचा काळ आतां सरला. संगणकावरच्या टंकांत एकाच अक्षराचीं अनेक रूपें सांठवितां येतात आणि शेजार पाहून त्यांतलें एक आपोआप निवडलें जाईल अशी योजनाहि करतां येते. जोडाक्षरें शेंकड्यांनीं असलीं तरी खण अपुरे पडत नाहींत. राय यांच्या हाताचें बंगाली वळण टंकांत आणावयाचें असेल तर जी सोय हवी होती, ती त्यांच्या पश्चात् आली. ते २३ एप्रिल १९९२ रोजीं कलकत्त्यास निवर्तले. अर्थात् सोय झाली म्हणजे काम झालें असें नाहीं. ‘पथेर पांचाली’च्या नामावलींतील अक्षर संगणकांत भरून त्यानें साबणाची जाहिरात छापली, तर तें अक्षर कोणाचें म्हणावयाचें, हा प्रश्न उरतोच.

स्वतः राय यांनीं मात्र आपला हात शेवटपर्यंत घरच्या कामास लावला. आजोबांचें बंद पडलेलें ‘संदेश’ त्यांनीं १९६१ मध्यें कवि सुभाष मुखोपाध्याय यांच्या जोडीनें पुन्हां सुरू केलें आणि त्यासाठीं चित्रें काढलीं, कथा लिहिल्या. ‘घरे बाइरे’चें काम चालू असतां १९८३ मध्यें त्यांना हृदयविकाराचा झटका आला, पुढें कांहीं वर्षें चित्रपट करणें शक्य नव्हतें. त्या विरामानंतर १९८७ सालीं त्यांनीं कॅमेरा पुन्हां हातीं घेतला, तो एका लहानशा अनुबोधपटासाठीं. त्याचा विषय होता सुकुमार राय. सव्वादोन वर्षांच्या ज्या मुलाला वडिलांचा चेहरा नीट आठवण्याचा संभव नव्हता, त्यानें ६६ व्या वर्षीं वडिलांचीं चित्रें, हस्तलिखितें आणि छापील पानें एकेक करून कॅमेऱ्यापुढें मांडलीं.